साधी काच

मंगळवारी ताईचा फोन येत नाही. गुरुवारी येतो, संध्याकाळी आठ वाजून दोन-तीन मिनिटांनी, मालिकेच्या शेवटी नावं वर सरकायला लागली की. गेली चार वर्षं हे असंच चाललंय, आणि त्याआधीची दोन वर्षं तर आमच्यात फोनच नव्हता. त्यामुळे मंगळवारी भर दुपारी, काच घासायच्या यंत्रावर वाकलेला असताना खिशात थरथर झाली आणि फोनवर ‘ताई’ दिसलं, तेव्हा पहिलं मनात आलं ते हे की कुणीतरी गेलं. मग लक्षात आलं, जाण्यासारखं आता आमच्या मूळ घरातलं कुणी उरलेलंच नाही, ती आणि मी सोडून. मी हात पुसले आणि फोन कानाला लावला. “छोट्या, कामात आहेस का?” ती म्हणाली. मी चौपन्न वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस केव्हाच निवृत्त झालेत, पण तिच्या लेखी मी छोट्याच. “बोल,” म्हटलं. “अरे, चॅनलचं अजून ठरत नाहीये. पुढचा सीझन करायचा की गुंडाळायचं, यावर महिनाअखेरीस बैठक आहे म्हणे. म्हणून मालिकेच्या ग्रुपवर ठरलंय, प्रत्येकानं घरातला एकेक जुना चष्मा पाठवायचा. सोबत चिठ्ठी. हजारभर चष्मे जाऊन पडले टेबलावर, की डोळे उघडतील त्यांचे.” मी म्हटलं, चांगलं आहे. “चांगलं काय? चष्म्याचं मूळ खूळ तुझंच ना.” मग ती थोडी थांबली. तिचं थांबणं मला ओळखू येतं, लहानपणापासून. “तर मी म्हणत होते, आईचा तो शेवटचा चष्मा तुझ्याकडे आहे ना? तोच पाठवूया. तिला असलं सगळं किती आवडायचं. तिच्या नावानं जाऊ दे.” यंत्र चालूच होतं. काचेची कड टचकन उडाली. बघतो आणि कळवतो, असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. मालकांनी काउंटरवरून मान वर करून पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी माझ्या हातून काच फुटल्याचा आवाज फार वेळा ऐकलेला नाही.

आई रहस्यकथा वाचायची, आणि शेवटचं पान आधी वाचायची. वाचनालयातून पुस्तक आणलं, की उभ्या उभ्या शेवट बघून घ्यायची, चेहरा समाधानी व्हायचा, मग बसून पहिल्या पानापासून सुरुवात. ताई चिडायची. “मग वाचतेस कशाला?” आई म्हणायची, “खुनी कोण ते कळलं की जिवाला घोर नाही. मग माणसं नीट बघता येतात.” आणि जेवताना आमच्या ताटात वाढता वाढता, आम्ही विचारलेलं नसताना, खुन्याचं नाव सांगून टाकायची. तिला गुपित पचत नसे. मला मात्र चांगलं पचतं, सहा वर्षं पचवलंय. तो चष्मा माझ्या अवजारांच्या खणात, पेचकसांच्या खाली, एका पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला आहे. रोज खण उघडतो तेव्हा हात त्याला चुकवून पेचकस उचलतो. आता तो हाताला इतका सवयीचा झालाय की मला वेगळं ठरवावं लागत नाही.

मालिकेचं सांगतो, म्हणजे ताईचं कळेल. शहरातल्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या घड्याळजीचा खून होतो आणि त्याचा तपास एक बाई करतात. बाईंना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात, तीन सीझन झाले तरी त्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही. समोरच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतो. जाड भिंगांचा चष्मा, अंधुक नजर. मॅडम दर वेळी त्याला विचारतात, तुम्ही त्या दिवशी काय पाहिलंत, आणि तो दर वेळी म्हणतो, “मला या डोळ्यांनी काय दिसणार, बाई?” तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या दृश्यात मॅडम जिना उतरून जातात, तो दारात उभा राहून चष्मा पुसतो, परत लावतो, आणि पडदा काळा होतो. त्याला आता अकरा महिने झाले. त्या रात्रीच्या फोनवर ताई नेहमीसारखी तावातावानं बोलत होती, तर मी सहज बोलून गेलो की शेवटी त्याच्या चष्म्यात साधी काच होती. “कशावरून?” ताईनं विचारलं. मी समजावून सांगितलं. मोठा मायनस नंबर असला की काचेमागची गालाची रेघ आत सरकलेली दिसते, चेहरा त्या जागी तुटल्यासारखा वाटतो. आधीच्या भागांत त्याच्या गालाची रेघ तशी तुटायची. शेवटच्या दृश्यात ती सरळ आहे. “म्हणजे त्याला दिसतं,” ताई हळूच म्हणाली. “म्हणजे त्यानं सगळं पाहिलंय.” दुसऱ्या दिवशी तिनं ते ग्रुपवर टाकलं, आणि अकरा हजार माणसांनी आपापल्या घरी मालिका थांबवून त्या म्हाताऱ्याचा गाल तपासला. मी त्या ग्रुपमध्ये आहे, पण कधी काही लिहिलेलं नाही. वाचतो फक्त. लोक ‘साधी काच, साधी काच’ लिहीत होते आणि मला घाम फुटत होता.

कारण चष्म्यात गफलत आहे हे जगात कुणाला सर्वात आधी दिसणार असेल तर मला, आणि माझ्या आईच्या चष्म्यातली मला चौदा दिवसांनी दिसली. उजवा डोळा मायनस सहा, डावा मायनस दोन. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे तिला नवा चष्मा लागणार होता, आणि तिनं मालकांच्या भाषेत सांगायचं तर कडक ऑर्डर दिली होती, “दुसऱ्या कुणाच्या हातचा नको, छोट्यानं केलेला पाहिजे.” मी तो एका शनिवारी, दुकान बंद व्हायच्या आधी, घाईघाईत केला. फ्रेम आपल्याकडे तोंड करून ठेवली, की तिची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. म्हणून उजव्या काचेवर लाल खूण करायची, फ्रेम नेहमी पाठ करून ठेवायची, आणि काच बसवल्यावर नंबर मोजायच्या यंत्राखाली एकदा धरून बघायची. मी खूण केली होती. फ्रेम उलटी ठेवली गेली. आणि यंत्राखाली धरली नाही, कारण मालक कुलूप हातात घेऊन उभे होते आणि कुरिअरवाला सहाला येणार होता. सहा उजव्याऐवजी डाव्यात गेले, दोन उजव्यात. घरचं काम म्हणून तपासलं नाही, बाहेरच्याचं असतं तर तपासलं असतं. ही गोष्ट मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की आता ती दुसऱ्या कुणाची वाटते.

पण खरी गोष्ट तीही नाही. खरी गोष्ट म्हणजे तिनं मला फोन केला होता. चष्मा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. “छान आहे रे, हलका आहे. फक्त पायरी जरा पुढं सरकल्यासारखी वाटते.” आणि मी, तेव्हाच चोवीस वर्षं हेच काम केलेला कारागीर, दिवसाला दहा गिऱ्हाइकांना जे सांगतो तेच, त्याच आवाजात तिला सांगितलं, “नवीन नंबर आहे, आई. चार दिवस लागतील सवयीला. काढू नको, लावूनच ठेव.” तिनं ऐकलं. ती कुणाचंच ऐकायची नाही, माझं ऐकलं. चौथ्या दिवशी मागच्या दारच्या तीन पायऱ्यांवरून वाळलेले कपडे आणायला उतरताना पडली, खुबा मोडला, आणि दहाव्या दिवशी हॉस्पिटलातच वारली. ताई आईसोबतच राहायची, ती तेव्हा आतल्या खोलीत होती. ती कोर्टात लघुलेखक होती, निवृत्त झाल्यावर वकिलांचं टायपिंग घरी करायची. आई म्हणाली, कपडे आणते, आणि ताई म्हणाली, “थांब गं, पाच ओळी राहिल्यात.” हॉस्पिटलच्या बाकावर ताई माझा हात धरून एवढंच म्हणत होती, “पाच ओळी होत्या रे. पाचच ओळी.” तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मी तिची समजूत घातली. मग आईच्या वस्तूंतून चष्मा मी मागून घेतला, आठवण म्हणून, आणि दुकानात आल्यावर सवयीनं यंत्राखाली धरला. त्या दिवसानंतर ताईची समजूत घालणं मला जमेना. ती फोन करायची आणि पाच ओळींवर यायची, आणि मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायचो. तिला वाटलं, मी मनातून तिलाच दोष देतोय. तिनं फोन करणं बंद केलं. मी तिला तसं वाटू दिलं. याच्याइतकं हलकं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

आणि मग दोन वर्षांनी तिचा एका ओळीचा निरोप आला, “गुरुवारी सातला ती नवी मालिका बघतोस का?” मी बघत नव्हतो. त्या गुरुवारपासून बघायला लागलो. बायको याला ‘तुमची कोर्टाची तारीख’ म्हणते, आणि त्या तासाला शेजारी बसत नाही, कारण ताई आणि मी फोनवर काय बोलतो ते ऐकून तिला हसू येतं. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, एकमेकांच्या पाठीच्या दुखण्याची चौकशी न करता, एका खोट्या खुनाबद्दल वाद घालतात. पण त्याच्या आधारानं आम्ही भावंडं राहिलो. सीझन संपला तरी आम्ही थांबलो नाही. दर गुरुवारी जुना एकेक भाग पुन्हा लावतो, सातला सुरू, आठला फोन. ताईनं पुढच्या सीझनच्या अपेक्षांची यादी केली आहे, कोर्टाच्या कागदासारखी, क्रमांक घालून. ग्रुपवर ती यादी सगळ्यांची झाली आहे. मॅडमनं नोकरी सोडू नये. जुना ड्रायव्हर परत यावा. खुनी ऐन वेळी जुळा भाऊ निघू नये. सगळं स्वप्न होतं असं तर अजिबात दाखवू नये. मॅडमच्या घरातलं बंद कपाट उघडलंच तर ते रिकामं असू नये. एकूण एक्केचाळीस. एकेका अपेक्षेवर लोक रात्र रात्र भांडतात, आणि ताई न्यायाधीशासारखी शेवटी एक ओळ लिहिते आणि भांडण मिटतं. पुढचा सीझन आला नाही तर त्या अकरा हजारांचं काय होईल मला माहीत नाही. आमचं काय होईल ते माहीत आहे. जुने भाग संपत आले होते.

तर मंगळवारी संध्याकाळी मी खण उघडला, आणि फडक्यातला चष्मा सहा वर्षांनी पहिल्यांदा बाहेर काढला. पाठवून दिला तर? हाच विचार होता, त्याला दुसरं गोंडस नाव देत नाही. हजार चष्म्यांच्या ढिगात एक चष्मा, आणि कुणाला गरज पडली आहे तो यंत्राखाली धरायची. ताईच स्वतःच्या हातानं बांधून पाठवणार, वर आईचं नाव लिहून, प्रेमानं. पुरावा जाईल आणि गुरुवारही शाबूत राहतील. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पोस्टमास्तरची मला किळस यायची, दारात उभं राहून शांतपणे चष्मा पुसण्याची, आणि मी आता तेच करत होतो, खरंच करत होतो, पिवळ्या फडक्यानं काच पुसत होतो. मी फडकं खाली ठेवलं. ठरवलं, की हे फोनवर सांगायचं नाही. गुरुवारी जायचं, आणि सात वाजायच्या आत सांगायचं, कारण एकदा मालिका सुरू झाली की मी तिच्या मागं लपेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. बायकोला म्हटलं, गुरुवारी ताईकडे जातोय. ती म्हणाली, “प्रत्यक्ष? काय झालं?” मी म्हटलं, “तारीख आहे.”

बसला अडीच तास लागले. सहा वीसला तिच्या दारात होतो. ताई म्हातारी दिसली, म्हणजे मी तिला चार वर्षं आवाजातच ठेवली होती आणि आवाज म्हातारा झालेला नव्हता. “अरे, फोन तरी करायचास,” ती म्हणाली, आणि तिला झालेला आनंद बघून माझे पाय मागं ओढायला लागले. टेबलावर पुठ्ठ्याचा छोटा डबा, कापूस, चिकटपट्टी, सगळं तयार होतं. चिठ्ठीही टाइप केलेली होती. “आणलास?” तिनं विचारलं. मी चष्मा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “ताई, बस. हा पाठवता येणार नाही.” मग सांगितलं. जेवढं वर लिहिलं आहे तेवढंच, त्याच क्रमानं, शनिवार, कुलूप, लाल खूण, पायरी पुढं सरकल्याचा फोन, चार दिवस लागतील. मध्ये एकदा टीव्हीवर कसली तरी जाहिरात लागली आणि तिनं हात लांब करून टीव्ही बंद केला. सात वाजायला दहा मिनिटं होती. माझं सांगून झाल्यावर ती रडली नाही. तिनं प्रश्न विचारले, आणि ते तिच्या आवाजात नव्हते, ज्या आवाजातले दुसऱ्यांचे प्रश्न तिनं तीस वर्षं टिपून घेतले त्या आवाजात होते.

“तुला कळलं कधी?”

“ती गेल्यावर चौथ्या दिवशी. दुकानात.”

“त्यानंतर मी तुला फोन केले होते.”

“हो.”

“त्या फोनवर मी काय म्हणायचे?”

ती थांबून राहिली. मला म्हणावंच लागलं, “पाच ओळी.”

“आणि तू काय म्हणायचास?”

“गिऱ्हाईक आलंय, म्हणायचो.”

तिनं मान हलवली, उत्तर नोंदवून घेतल्यासारखी. मग म्हणाली, “काच चुकली ती चुकली. हात आहे, चुकतो. त्याचं मी तुला काही बोलणार नाही. पण सहा वर्षं मी त्या दारानं गेलेली नाही, छोट्या. कपडे पुढच्या खोलीत वाळत घालते. आणि तू मला जुन्या ड्रायव्हरबद्दल बोलू दिलंस.” मला वाटलं, आता ती म्हणेल जा. मी उठलोच होतो. ती चष्मा माझ्यापुढं सरकवत म्हणाली, “हा नीट करून आण. बरोबर नंबरचा. कुरिअरनं पाठवायचा नाही, स्वतः घेऊन यायचं.” मी म्हटलं, “नुसत्या काचा अदलाबदल करून बसायच्या नाहीत, ताई, प्रत्येक काच आपापल्या बाजूच्या आकाराला कापलेली असते. नव्यानं कराव्या लागतील.” ती म्हणाली, “मग नव्यानं कर.” तिनं मला चहा विचारला नाही. जाताना मी मागच्या दाराकडे पाहिलं, कडीला गंज चढला होता.

तो आठवडा मी कसा काढला, तर काम करून. ग्रुपवर ताईनं सात दिवस एक अक्षर लिहिलं नाही. लोक विचारत होते, यादीवाल्या बाई कुठे गेल्या, आजारी आहेत का, अडतिसाव्या अपेक्षेचा निकाल कोण लावणार. चष्म्यांचे फोटो येत होते, दोरी बांधलेले, दांडी तुटलेले, एकानं तर आजोबांचा उन्हाचा चष्मा धाडला होता. मला भीती वाटत होती, आणि तरीही सहा वर्षांत पहिल्यांदा खण उघडताना हात कशालाही चुकवत नव्हता. मालकांना म्हटलं, एक काम माझ्यासाठी आहे, पैसे कापून घ्या, दुपारच्या वेळेला करीन. ते म्हणाले, नंबर कुणाचा, मी म्हटलं, आईचा. त्यांना माहीत आहे आई नाही. त्यांनी काही विचारलं नाही, त्या दिवशी कुलूप घेऊन उभेही राहिले नाहीत. मी उजव्या काचेवर लाल खूण केली. फ्रेम पाठ करून ठेवली. उजवी काच कापली, बसवली, यंत्राखाली धरली, मायनस सहा. डावी, मायनस दोन. काढून पुन्हा धरली. मग फ्रेम स्वतःच्या डोळ्यांवर लावून पाहिली, आणि दुकान, मालक, रस्ता, सगळं लहान आणि वाकडं झालं, कारण माझ्या डोळ्यांना कसलाच नंबर नाही. तिला मात्र यातून पायरी पायरीच्या जागी दिसली असती. दिसली असती, हे मी मोठ्यानं म्हणालो, आणि मग थोडा वेळ मागच्या खोलीत जाऊन बसलो.

गुरुवारी पावणेसातला पोचलो. ताईनं चष्मा घेतला, खिडकीपाशी गेली, आणि वर्तमानपत्रावर धरून एकेका काचेतून ओळ बघितली. आधी उलटा धरला, मग स्वतःच्या लक्षात आल्यावर पाठ करून धरला. “उजवीतून अक्षर जास्त बारीक दिसतं.” मी म्हटलं, “हो. उजवा सहा होता.” “बरोबर आहे मग,” ती म्हणाली, आणि चष्मा कपाटात, आईची पुस्तकं होती तिथं, उभा करून ठेवला. टेबलावरच्या डब्यात तिनं स्वतःचा एक जुना, तपकिरी फ्रेमचा चष्मा ठेवून चिकटपट्टी लावली. “हा जाईल. पुढचा सीझन आलाच पाहिजे. मी काही असं अर्धवट सोडणार नाही.” मग स्वयंपाकघरातून कप वाजल्याचा आवाज आला. मला तिथून मागचं दार दिसत होतं. ते उघडं नव्हतं, पण कडीला तेल घातलेलं होतं, जमिनीवर दोन थेंब सांडले होते.

चहाचा कप माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, “फोन काढ. यादीत एक घालायचंय. बेचाळीस.” मी म्हटलं, तूच घाल की. “नाही. तुझ्या नावानं जाऊ दे. लिही.” आणि ती सांगत गेली, तिनं जन्मभर दुसऱ्यांचं घेतलं तसं मी तिचं लिहून घेतलं. पोस्टमास्तरनं पहिल्याच भागात स्वतः येऊन सांगावं. मॅडमना शेवटपर्यंत शोधायला लावू नये. “पाठव.” मी पाठवलं. चार वर्षांत त्या ग्रुपवर मी लिहिलेली ही पहिली ओळ. लगेच खाली कुणीतरी विचारलं, पहिल्याच भागात सांगितलं तर मग उरलं काय? ताईनं माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एका बोटानं लिहिलं, ‘माणसं नीट बघता येतील. सहा वर्षं फार होतात.’ अर्ध्या मिनिटात एकानं दुरुस्ती केली, सहा नाही, मालिकेला चारच वर्षं झालीत. ताईनं ती वाचली, फोन टेबलावर उपडा ठेवला, माझ्या शेजारी येऊन बसली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.